भिंगरीने मागितलेली सुई

प्रिय बंड्या,

फोनवर तुला 'बरं आई, ठेवतो' म्हणायची घाई असते, म्हणून लिहायला बसले. तुझी लेक भिंगरी माझ्याकडे मजेत आहे. काल तिने माझ्या शिवणाच्या डब्यातली सगळी बटणं बाहुलीला औषध म्हणून चारली. बाहुली काही वाचेल असं वाटत नाही.

तुमच्या रुग्णमंडळाच्या बैठकीचं कळलं. जमलेला निधी आधी कुठे लावायचा, तुझ्यासारख्या इन्सुलिनवर जगणाऱ्यांना पुरतं बरं करण्याच्या संशोधनाला, की हा मधुमेह मुळात होऊच नये यासाठीच्या संशोधनाला, यावर तूही मत देणार. "आई, जळत्या घराला आधी पाणी," असं तू म्हणालास आणि मी मान डोलावली. तू शाळेत होतास तेव्हापासून मी दुसरं मागितलंय काय? वाचनालयातून जाडजूड पुस्तकं आणायची, न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची, आणि त्यात तुझं बरं होणं शोधायचं.

तुझ्या बाबांनाही हेच होतं. घड्याळ दुरुस्त करताना बारका स्क्रू चिमट्यातून निसटला, की रक्तातली साखर उतरली हे ओळखून मी न विचारता साखरेचं पाणी पुढे करायची. "बायको आहेस की पोलीस?" म्हणायचे, पण प्यायचे. ते गेले त्या दुपारी दुकानात एकटेच होते. स्क्रू पडल्याचा आवाज ऐकायला कोणी नव्हतं.

अजून कुठे काही बारीक पडलं की मी हातातलं काम टाकून धावते. परवा भिंगरीच्या हातून मणी सांडले, तर मी मणी सोडून तिचा चेहरा बघत बसले. तिने पुन्हा पाणी मागितलं की तहान उन्हाचीच असू दे, म्हणून बाहेर ऊन आहे ना, ते बघते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पोरीचं रक्त तपासून घ्या, चाहूल आधी लागली तर आजार काही काळ तरी लांब ठेवता येतो. तू चिडलास, "धडधाकट पोरीला कशाला टोचायचं?" काही निघालंच तर, या भीतीने तुझी जीभ चालली आणि माझी टाळ्याला चिकटली.

आज सकाळी वेणी घालताना तिने विचारलं, "आजी, आजोबांचं घड्याळ बाबांना मिळालं. मग बाबांची सुई मला कधी मिळणार?" आपल्या घरात मोठं झालं की सुई मिळते, असं तिला वाटतं रे. माझी मूठ आवळली गेली, तर म्हणते, "ओढू नकोस गं!" बंड्या, जे तुझ्यासाठी जन्मभर मागितलं, ते एक पाऊल मागे राहू दे, असं तुझी आईच तुला सांगते आहे. बैठकीत मत तिच्या बाजूने दे, हा आजार मुळात होऊच नये यासाठीच्या संशोधनाला. आणि त्याआधी तिची तपासणी करून घेऊ. मी तिला मांडीवर घेऊन बसेन. तुला बघवलं नाही, तर तू बाहेर थांब.

तुझ्या बरं होण्याची वाट अजूनही बघणारी,
तुझीच,
आई