वीतभर चीर आणि चार बोटं

४ फेब्रुवारी
चार बोटं! म्हणे चार बोटांच्या चिरेतून खुबा बदलणार. माझ्या हाताखालचा सर्जन राझ्वान दोन वर्षं परदेशात काय राहून आला, आमच्या तिमिशोआराच्या इस्पितळात प्रत्येक म्हातारी आता विचारते, "डॉक्टर, छोटी चीर देता की मोठी?" जशी काही शिंप्याकडे झगा शिवायला आलीय. एकतीस वर्षं मी वीतभर चीर देतोय. मागच्या बाजूने, सगळं डोळ्यांसमोर उघडं. हा पुढून भोकातून चाचपडतो!

आज संचालकबाईंचं फर्मान — गेल्या वर्षीचे दोघांचे चाळीस-चाळीस रुग्ण घ्या, तुलना करा. तक्ता राझ्वान बनवणार. बनव बाबा. तेवढंच येतं.

७ फेब्रुवारी
कँटीनमध्ये कोबीच्या पानातला खिमा त्याने पान सोलून खाल्ला. पान टाकून दिलं! असला माणूस.

१४ फेब्रुवारी
पहिले आकडे. पंधराव्या दिवशी त्याचे लोक काठीशिवाय चालतात, माझे कुबड्यांवर. स्वारी खूश. मग दीड महिन्याचा रकाना — दोघांचे सारखेच! वर त्याच्या सात जणांची मांडी बधिर. "दीड महिन्याच्या कौतुकासाठी एवढा तमाशा?" मी सगळ्यांसमोर विचारलं. तर म्हणतो कसा, "एकट्या राहणाऱ्याला दीड महिना फार असतो, सर." पाद्रीच व्हायला हवा होता हा!

२० फेब्रुवारी
व्हायचं तेच झालं. छोट्या चिरेतून कृत्रिम खुब्याचा दांडा ठोकताना राझ्वानच्या हातून एका बाईच्या मांडीचं हाड तडकलं. मला बोलावणं आलं. चीर वीतभर वाढवली, हाडाला तार आवळली, वीस मिनिटांत काम फत्ते. "दिसलं का आता?" म्हटलं.

पण संध्याकाळी हा गाढव थेट त्या बाईच्या खाटेशी! पूर्वी ट्रॅम चालवायची, तोंडाची फटकळ. तिला म्हणाला, "हाड माझ्या हातून तडकलं. तुमचं काही चुकलं नाही, चूक माझी." ती म्हणाली, "मग उद्या येताना केक तरी आण." आणि दोघं हसली!

असं कुणी सांगतं? एकतीस वर्षांत मी एकदाही नाही सांगितलं. गरजच पडली नाही.

२७ फेब्रुवारी
तक्ता पुरा झाला. माझ्या बाजूला निखळलेला खुबा — एक. त्रायान बोक्शान, मधमाश्या पाळणारा. कागदावर माझंच अक्षर: 'रुग्ण सूचना मोडून वाकला.' तेव्हा तो कळवळून सांगत होता, "वाकलो नाही हो, नुसता बाकावरून उठलो!" त्याची बायको लिओंतिना त्याच्यावरच खेकसली, "डॉक्टर काय खोटं बोलतात?" पुढे ऐकलं, वाकायच्या धास्तीने त्याने सगळ्या मधपेट्या विकल्या.

राझ्वानने एक्स-रे मोजून पुढे लिहिलंय: 'कृत्रिम खुब्याची वाटी मागे वळलेली.' बस, तेवढंच. अशी वाटी असली की नुसतं उठतानाही खुबा निखळतो. आणि वाटी बसवतो कोण? मीच.

"ही ओळ काढ," म्हटलं.

"काढतो सर. का काढायची, तेवढं तुमच्या सहीने लिहून द्या."

उद्धट कार्टं!

२८ फेब्रुवारी
एक्स-रे चारदा पाहिला. खरं म्हणजे तेव्हाही पाहिला होता. वाटी तेव्हाही वळलेलीच दिसली होती — आणि मी 'वाकला' असं लिहिलं.

६ मार्च
बोक्शानच्या गावी गेलो. उंबऱ्यातच, उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तो मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "लिओंतिना, ऐकलंस? मी वाकलो नव्हतो!"