अप्पांच्या गाण्यातली टकटक

९ जानेवारी १९९९
सापडली! अप्पांच्या ओव्यांची सीडी सापडली — ज्वारीत! आईने दोरा ओवून काठीला टांगली होती. पाखरं उडवायला. ओरडले तर म्हणाली, "घरात वाजवायला काय हाय? हितं निदान कामाला तरी आली."

पुण्याच्या बाई लोणी भापकरला येऊन अप्पांचं गाणं टिपून गेल्या, त्याची ही एकुलती एक सीडी. गळ्याच्या ऑपरेशनपासून अप्पा बोललेलेच नाहीत. डॉक्टर म्हणतात, आवाज आहे, घोगरा झालाय, वापरा. पण गाणारा माणूस! लाजतात. स्वतःचा जुना आवाज ऐकला तर बोलतील, असं मला वाटतं. वेडेपणा असेल. असू दे.

१० जानेवारी
आईला म्हटलं, सीडीवरची धूळ पुसून ठेव. तिने राखेने घासली! पितळेच्या ताटलीसारखी! "चकाकती का न्हाय बघ." जेवले नाही मी.

१२ जानेवारी
बारामतीला मी शिकवते त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सीडी लावली. दर दोन ओळींना अडखळते. नवा प्रोग्राम मिळालाय — एकेक तुकडा दोनदा वाचतो, जुळला तरच पुढे सरकतो. अख्खा दिवस मोडणार.

क्लासचे मालक विकीसर (माझ्याहून लहान, पण सर म्हणायचं!) म्हणाले, "एमपीथ्री करा की, दहापट लहान होतंय." लहान होतं म्हणजे काहीतरी गळतंच ना? अप्पांचं मला काही गाळायचं नाही. जागा हवी म्हणून सरांची मोटारींची गेम उडवली. त्यांना अजून माहीत नाही.

१३ जानेवारी
लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून.

१४ जानेवारी
संक्रांत. सरांना गेमचं कळलं. तीळगूळ दिला. गोड बोलले नाहीत.

१६ जानेवारी
झालं! तीनदा उतरवलं, तिन्ही प्रती तंतोतंत. काय तो आवाज! रडले. सरांनी उगाचच पंखा लावला.

पण मागे टकटक येते. टक्... टक्. राखेचे ओरखडे म्हणावेत, तर प्रोग्राम एकही चूक दाखवत नाही. सर म्हणाले, "खोडून टाकू." नको म्हटलं. सीडीत आहे ते सगळं राहील.

१७ जानेवारी
अप्पा-आईला क्लासवर नेलं. अप्पा डोळे मिटून ऐकत होते. चेहऱ्यावर काही नाही. मग टकटक सुरू झाली. अप्पांनी डोळे उघडले, आईकडे वळले आणि — घोगरा, फाटका, पण आवाज! —

"तवाच म्हनलं व्हतं तुला, त्यो अडकित्ता बाजूला ठेव!"

"आन त्या पुन्याच्या बाईला पान कोन देनार व्हतं?"

लोणीपर्यंत एसटीत दोघं भांडत आले. मी मागच्या सीटवर. मध्ये पडले नाही.