समोरच्या दादींचं अर्धं पुस्तक

४ ऑगस्ट
दुपारी दार वाजलं. समोरच्या पोपटीदादी! भिंत धरत एकट्याच आल्या. डोळ्यांना आता फक्त उजेड कळतो त्यांना.
"अंजनी, धर्मराज गया... किताब आधी रह गई."
एवढंच. ह्यांना त्या नावानेच हाक मारायच्या. मी पाणी दिलं. हे गेल्यापासून कोणाशी काय बोलावं सुचत नाही.

५ ऑगस्ट
रिटायर झाल्यावर ह्यांनी दादींची सिंधी लिपी शिकायला घेतली. उजवीकडून लिहायची, बावन्न अक्षरं. म्हणाले, सगळा जन्म उल्हासनगरात गेला आणि इथल्या सिंधी कॅम्पातली एक जुनी पाटी वाचता येत नाही! मी कणीक मळायचे, हे ओट्यावरच्या पिठात बोटाने गिरवायचे. दादींच्या मुलांनाही ही लिपी येत नाही.
खालचा किराणावाला चिडवायचा — "साईं, इस उमर में पाकिस्तान जाना है क्या?"
"नहीं रे, सामनेवाले फ्लॅट में जाना है."
आणि जायचेच. रोज दुपारी. दादींना त्यांचं लहानपणचं गोष्टींचं पुस्तक वाचून दाखवायला.

९ ऑगस्ट
सुयोग आला खरवईहून. ह्यांच्या वह्या चाळत बसला.
"आई, एवढं डोकं होतं पप्पांना. गणिताच्या शिकवण्या तरी घ्यायच्या. ह्याचा काय उपयोग झाला, सांग ना."
त्याचा राग नाही आला. मलाही तेच वाटायचं. एवढी मेहनत — एका म्हातारीच्या दुपारसाठी?

१० ऑगस्ट
त्याच वह्यांवरून गिरवायला बसले. बघू.

२३ ऑगस्ट
टिंबंच टिंबं! एकाला दोन, एकाला तीन, एकाला चार. डोकं उठलं.
एकदा शिवमंदिराहून रिक्षाने परत येताना कॅम्पात शिरल्यावर हे प्रत्येक जुनी पाटी मोठ्याने वाचत सुटले होते. शेवटी रिक्षावाल्याने विचारलं, "अंकल, शायर हो क्या?" किती हसलो होतो दोघं. असे खूश ते प्रमोशन मिळालं तेव्हाही नव्हते.

१४ ऑक्टोबर
धीर करून दादींकडे गेले. ह्यांची खूण होती तिथे उघडलं. नावाड्याच्या मुलीची गोष्ट. एक ओळ वाचताना घाम फुटला. मध्येच अडले.
"आराम से पढ़. वो भी ऐसे ही अटकता था," दादी म्हणाल्या.
घरी येऊन रडले. बरं वाटलं.

३० ऑक्टोबर
रोज जाते. आज अर्धं पान झालं!

७ नोव्हेंबर
दादींना ताप. डोळे मिटून पुटपुटत होत्या. बाजूला पुस्तक उघडून बसले होते, म्हणून लक्षात आलं — त्या पुटपुटत होत्या ते आम्ही अजून न वाचलेलं पान होतं. मी ओळींवरून बोट फिरवत गेले. शब्द न् शब्द तोच!
त्यांची सून सोनिया म्हणाली, "मम्मी को पूरी किताब याद है, आंटी. बचपन से. अंकल को तो पता था."
ह्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

९ नोव्हेंबर
ताप उतरला. दादींना विचारलंच — सगळं पाठ आहे, मग आम्हाला कशाला वाचायला लावलंत?
"मुझे तो याद है, बेटा. मेरे जाने के बाद इसको खोलेगा कौन?"