वॉरंट असताना घरी

८ सप्टेंबर १९९०, शनिवार
नाव लागलं! यादीत माझं नाव लागलं! दूतावासाचा माणूस टेबलावर उभा राहून नावं वाचत होता, आणि ‘मंदाकिनी उत्तम साळवी’ ऐकल्यावर मी अशी किंचाळले की शेजारच्या तंबूतली माणसं बाहेर आली. जॉर्डनच्या सरहद्दीवर अकरा दिवस वाळूत काढले. आता अम्मान, मग मुंबई!

कुवेतमध्ये सगळं टाकून आले. हॉस्पिटल, खोली, ट्रंक. पासपोर्टसुद्धा हॉस्पिटलच्या कपाटात राहिला. बरोबर एक पिशवी आणि ही वही. पण खरं सांगू? त्या इराकी रणगाड्यांनी मला घरी जायला भाग पाडलं. नाहीतर माझी हिंमत कुठली होणार होती!

कारण माझ्या नावावर वॉरंट आहे. १९८४ चा आमचा डोंबिवलीचा हंडा मोर्चा. आठ-आठ दिवस नळाला पाणी नाही, म्हणून आम्ही बाराजणी पाणीखात्याच्या साहेबाच्या ऑफिसात घुसलो. मी हंडा टेबलावर आपटला, काच फुटली, एक तुकडा साहेबाच्या कपाळात. केस झाली. उत्तम तर आदल्याच वर्षी गेले होते, पदरात तीन वर्षांची सुमती. तेवढ्यात कुवेतची नोकरी आली. तारखेला हजर राहिले नाही, सुमतीला धाकट्या बहिणीकडे, मंजूकडे ठेवून निघून आले. मग वॉरंट निघालं. पाच वर्षं मंजूच्या प्रत्येक पत्रात तेच — ताई, अजून येऊ नकोस, पोलीस विचारून गेले.

येऊ देत पोलीस! मी येते आहे!

११ सप्टेंबर, मंगळवार
अम्मान. विमान परवा पहाटे. सुमती आता नऊ वर्षांची होईल. मला ओळखेल का? मी तिला?

१३ सप्टेंबर, गुरुवार
मी ठाण्याला, नौपाड्यात बसून लिहिते आहे. नौपाड्यात! मंजूच्या गॅलरीत! खाली भाजीवाला ओरडतोय आणि मला रडू येतंय.

विमानतळावर उतरले. वाटत होतं, नाव वाचतील आणि बाजूला घेतील. काउंटरवरच्या साहेबानं दूतावासाचा कागद उलटसुलट केला. ‘पासपोर्ट?’ मी म्हटलं, कुवेतला राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं. केस वाळूनं राठ झालेले, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात कुणाची तरी. ‘काही खाल्लंत का बाई?’ म्हणाला आणि शिक्का मारला. झालं! पाच वर्षं ज्याला घाबरले, ते एवढंच!

दार सुमतीनंच उघडलं. केवढी उंच! गालावर उत्तमची खळी. ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि मग आत वळून ओरडली, ‘मंजूआई, कोण आलंय बघ!’

मंजू हात पुसत बाहेर आली. मला बघून खालीच बसली. मग दोघी इतक्या रडलो की सुधीर भावोजी म्हणाले, ‘अहो, आधी आत तरी येऊ द्या त्यांना!’

१४ सप्टेंबर, शुक्रवार
सुमती आज माझ्या हातचा भात जेवली. दोनदा घेतला! मीठ विसरले होते, तरी.

१५ सप्टेंबर, शनिवार
मंजूला सांगितलं, मी स्वतःच कल्याणच्या कोर्टात हजर होणार. जामीन मिळेल, दंड होईल, फार तर थोडे दिवस आत बसेन. पण मग मोकळी! डोंबिवलीची खोली पुन्हा उघडीन, इथल्याच दवाखान्यात नोकरी बघीन, सुमतीला घेऊन राहीन. बोलताना मला थांबताच येईना.

मंजू तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘पितृपक्ष चालू आहे ताई. आत्ता नको. नवरात्र होऊ दे.’ मग म्हणाली, ‘दिवाळी होऊ दे.’

वेडी! माझ्या काळजीनं अर्धी झाली आहे. तिला स्वतःचं मूल झालं नाही, पण माझं कसं वाढवलं! पाढे तीसपर्यंत पाठ, अक्षर मोत्यासारखं. तिचे उपकार कसे फेडू?

१६ सप्टेंबर, रविवार
सुमतीनं विचारलं, ‘तुला पोलीस पकडणार?’
मी म्हटलं, ‘पकडलं तर सोडतील पण.’
‘मी येईन डबा घेऊन,’ म्हणाली. आणि पहिल्यांदा ‘आई’ म्हणाली. नुसतं आई!

१८ सप्टेंबर, मंगळवार
कुठून सुरू करू!

आज डोंबिवलीला गेले. मंजूला सांगितलं नाही, उगाच घाबरली असती. म्हटलं, हौसाबाईंना भेटावं. मोर्चाच्या पुढारी त्याच, बाकीच्यांचं काय झालं ते विचारावं आणि वकिलांचा पत्ता घ्यावा.

हौसाबाई ओट्यावर पापड वाळत घालत होत्या. मला बघून पापड तसेच टाकले. मी लगेच हळू आवाजात म्हटलं, ‘हौसाबाई, मी हजर होणारे. वॉरंट आहे ना माझ्यावर.’

त्या हसायलाच लागल्या. ‘अगं कसलं वॉरंट? आपली केस सरकारनं मागं घेतली की! सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात. समद्या बायका सुटल्या, तू बी सुटलीस. पेढं वाटलं आम्ही चाळीत!’

मी पापडांशेजारीच बसले. त्या पाणी घेऊन आल्या. ‘तुला कुणी सांगितलं न्हाई? मी गेलते ठाण्याला, तुझ्या बहिणीकडं, पत्ता मागायला. म्हनाली, ताईचा पत्ता सारखा बदलतो.’

वॉरंट नाही! तीन वर्षांपासून नाही! रस्त्यानं पळतच सुटले, रिक्षासुद्धा केली नाही. मंजू बिचारी गोंधळली असेल, तिला कोर्टाचं काय कळतं! आत्ताच सांगणार नाही. उद्या घटस्थापना. आधी वकिलांकडून कागद आणते, पेढे आणते, आणि मग सांगते. कशी उडी मारेल बघ!

१९ सप्टेंबर, बुधवार
कल्याणला वकील दामल्यांकडे गेले. म्हातारे झालेत. जुनी फाइल काढली. केस मागे घेतल्याचा, वॉरंट रद्द झाल्याचा कागद दाखवला. नक्कल करून देतो म्हणाले.

‘मी तेव्हा तुम्हाला रजिस्टर पत्र टाकलं होतं. तुम्ही दिलेल्या नौपाड्याच्या पत्त्यावर. ही बघा पोचपावती.’

गुलाबी कार्डावर सही. ‘मंजुळा सु. पालव.’ खाली तारीख. ९ मे १९८७.

वकील काहीतरी बोलत होते. मला ऐकू आलं नाही.

परत येताना ठरवलं होतं, दारातूनच ओरडायचं. सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं. टेंभी नाक्यावर देवीच्या मांडवात ढोल चालू होते. पेढे घेतले नाहीत.

घरात दोघी फरशीवर बसून घटासाठी फुलं ओवत होत्या. सुमतीच्या बोटात सुई टोचली. ‘आई गं’ म्हणाली आणि बोट मंजूच्या तोंडाशी नेलं. मंजूनं फुंकर घातली. मग मला बघितलं. बघितलं मात्र, आणि तिचा चेहरा पांढरा फटक. मी काही विचारायच्या आधीच.

मी पाय धुवायला मोरीत गेले.

२० सप्टेंबर, गुरुवार
सकाळी मंजू सुमतीची वेणी घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘कल्याणला गेली होतीस ना ताई? काय म्हणाले?’ हात वेणीतच थांबलेले.

मी म्हटलं, ‘पुढची तारीख मिळाली.’