खांबासाठी सोडलेला कोपरा

बाबा, आपल्या शेतात वीज आली नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पुढचं काही ऐकणार नाही.

तुम्ही पंपाच्या लाइनसाठी अर्ज दिलात तेव्हा वीज ऑफिसच्या साहेबानं शेताच्या कडेला धुऱ्यावर उभं राहून बोटानं जागा दाखवली होती, खांब इथं येईल म्हणून. तेव्हापासून दर रोवणीला धानाच्या बांधीचा तो कोपरा तुम्ही मोकळा सोडायचात. मी एकदा तिथं धानाचे पऱ्हे रोवायला घेतले, तर चिखलातूनच ओरडलात, "तिथं नोको लावू! खांबवाले येतील तं धान तुडवतील." लोक हसायचे, तुम्हीही हसायचात, पण कोपरा सोडायचात. खांबाच्या आधी तुम्हीच गेलात.

मग सौरपंपाची योजना आली. भोंगा लावून गाडी गावभर फिरली: बिल नाही, लाइनमनच्या विनवण्या नाहीत. सोलरच्या प्लेटा बसवायला माणसं आली, त्यांना मी तोच कोपरा दाखवला. खोटं कशाला बोलू, उन्हाळ्यात पंप चांगला चालला. आईनं पाइपाला हळदकुंकू लावलं. पण यंदा आषाढात पावसानं दडी मारली आणि आभाळ मात्र गच्च भरलेलं. पाणी हवं तेव्हाच ऊन नाही. पऱ्हे पिवळे पडत होते आणि मी खुळ्यासारखा प्लेटा पुसत होतो.

शेवटी लाइन मागायला ऑफिसात गेलो. बाबूनं मान वरसुद्धा केली नाही. "सोलर लिया ना आपने? मंग लाइनच्या यादीतून नाव गेलं. तुमीच तं सही केली." त्याच आठवड्यात रस्त्याच्या कडेनं खांब आले. शेजारच्या काकाच्या धुऱ्यावर एक उभा आहे. त्यानं सोलर घेतलं नव्हतं. त्याच्या बांधीतून आपल्या बांधीत पाणी उतरलं, म्हणून पऱ्हे वाचले. मला फसवलं, बाबा. तुमची इतक्या वर्षांची वाट एका सहीत पुसून टाकली, आणि भोंग्यानं हे एकदाही सांगितलं नाही.

परवा रोवणी झाली. दुसऱ्या टोकाचा एक कोपरा मी मोकळा सोडला. आई धुऱ्यावरून म्हणाली, "हा कायले सोडला रे?" मी वाकून पऱ्हेच लावत राहिलो.

आईला, काकाला, सगळ्यांना मी सांगत आलो आहे की सोलर घेतलं की लाइनच्या यादीतून नाव जातं, ही कागदावरची ओळ मला कोणी दाखवलीच नाही. हे पत्र तुमच्या अर्जाच्या पावतीसोबत डब्यात ठेवतो. ती ओळ मी वाचली होती, बाबा. दोनदा वाचली. तुमच्या त्या कोपऱ्याचा मला कंटाळा आला होता, म्हणून सही केली.