पुठ्ठ्याआडचा कौल

बाबा, काल दुपारी माझ्या घरी फासा पडला आणि पडून थांबल्यावरही कलंडला नाही, म्हणून तुला लिहायला बसले. असं वाचल्यावर तू म्हणशील, चेडवाचा डोका फिरला. आधी ऐक तरी.

दर रविवारी जेवणं आटपली की माझ्या मुलुंडच्या घरी काही जण येतात आणि आम्ही टेबलाभोवती बसून खेळतो. सगळे माझ्याहून लहान, नोकरीधंद्याला लागलेले. पत्ते नाहीत, पट नाही. दशावताराचं सांगितलं तर तुला लगेच कळेल. लिहून दिलेलं काही नसतं, प्रत्येकाने आपलं सोंग घ्यायचं आणि तोंडाला येईल ते बोलत गोष्ट पुढे न्यायची. फरक इतकाच, की वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर वाट लागली. बाकी सगळं जग मी चालवते. वारा, वाघ, राक्षस, देव, सगळं मीच. मला ते मास्टर म्हणतात. माझ्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा उभा असतो, माझा फासा त्याच्या मागे पडतो आणि तो फक्त मला दिसतो. आणि बाबा, मी खोटं सांगते. कोणी महिनोन्‌महिने जीव लावून वाढवलेलं सोंग राक्षसाच्या एका आकड्यापायी मरणार असेल, तर मी सतराचे तीन करते. सगळ्यांना संशय आहे, पण कोणी विचारत नाही, कारण विचारलं की खेळ मोडतो.

हे मी कुठे शिकले ते तुला माहीत आहे. घाटकोपरच्या टेकडीवरच्या आपल्या खोलीत, ओट्याच्या कडेला तू तांब्यावर नारळ उभा करायचास. गाववाले यायचे, कोणाचं लग्न अडलेलं, कोणाची नोकरी. तू जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून नारळाला लावायचास. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग डोळे मिटून गाऱ्हाणं सुरू व्हायचं, ‘तुझ्या लेकराक वाट दाखय रे म्हाराजा,’ आणि मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं काम माझं. मी म्हणायचे आणि तुझा अंगठा बघायचे. साकीनाक्याच्या कारखान्यात लेथवर अर्धं नख गेलेला तो अंगठा. एक पाकळी तो दाबून बसवायचा आणि दुसरीला नुसता टेकल्यासारखं करायचा. खालच्या आळीतली बाई मुलीच्या स्थळाचं विचारायला आली तेव्हा डावी पडली. पोरगा पितो हे तिला माहीत नव्हतं, तुला होतं. मी तिच्यादेखतच बोलले, “बाबा, डावी नीट चिकटवलीच नाहीस तू.” ती गेल्यावर तू ओरडला नाहीस. भात कालवता कालवता एवढंच म्हणालास, “माझ्या हाताकडे कित्याक बघतंस? देवाकडे बघ.” मी मान खाली घालून जेवले, इतकी शरम वाटली.

पाकळी कधी लगेच पडत नसे. गाऱ्हाणं संपायचं, पाकळी जागच्या जागी. आता काही होत नाही असं वाटायचं आणि मग ती एकदम सुटायची.

आणि मग आईचा कौल. डॉक्टर म्हणत होते ऑपरेशन करा, पण खात्री देत नव्हते. आई म्हणाली, “देवाक इचारा.” तू पाकळ्या लावतोस, मी तुझा अंगठा बघते आहे. त्या दिवशी तू दोन्ही दाबल्यास. चांगल्या घट्ट. गाऱ्हाणं संपलं, मी व्हय म्हाराजा म्हटलं, आणि आपण तिघं त्या नारळाकडे बघत बसलो. ऊन ओट्यावरून खाली सरकलं. पाकळ्या सुकून नारळालाच चिकटल्या. शेवटी आईच हसली. “देव पण भियालो वाटता,” म्हणाली, उठली, आणि आपल्या हाताने उजवी पाकळी खुडून टाकली. “दिल्यान गो उजवो. चाय ठेव आता.” ती ऑपरेशनला गेली आणि परत आली नाही. त्यानंतर कोणी विचारायला आलं की तू दारातूनच सांगायचास, “आमचो देव आता बोलणा नाय.” तुझा राग मी तुझ्या मरणापर्यंत धरला, आणि त्याच्या नंतरही सोडला नाही. सगळ्या चाळीसाठी अंगठा फिरवलास, आणि आमच्या वेळेला हात झटकलेस. ती वाचावी असं वाटत नव्हतं का तुला? डावी का नाही पाडलीस? नाहीतर उजवी तरी पाडायचीस, म्हणजे तुला शिव्या घालायला मला एक जागा तरी मिळाली असती.

आता फाशाचं. गेल्या दिवाळीपासून आडोशामागे माझा फासा पडतो, थांबतो, आणि मी मनात खोटा आकडा ठरवते न ठरवते तोच हळूच कलंडतो. बरोब्बर त्या आकड्यावर. टेबल हलत नाही, पंख्याचा वारा तिथे पोचत नाही. पहिल्यांदा मी भ्यायले, मग सवय झाली. खरं तर बरंच वाटायला लागलं, कारण मला खोटं बोलावं लागेना.

काल आमच्यातली सगळ्यात धाकटी, खेळात वैदीण होते ती मुलगी, खेळता खेळता थांबली. “मास्टर, एक फासा माझ्यासाठी टाक ना. खेळातला नाही. आईसाठी. ऑपरेशन केलं तर रिस्क, नाही केलं तरी रिस्क. बुधवारची तारीख दिलीय आणि आई म्हणते तू ठरव. मी कसं ठरवू यार? मोठा आला तर करायचं.”

“काहीही काय,” शेजारचा म्हणाला. “असं विचारतात का?”

“तू गप रे. मास्टर, टाक.”

नाही म्हणायला हवं होतं. मी टाकला. तो घरंगळत गेला आणि पुठ्ठ्याला टेकून तिरका अडकला, अर्धा मोठ्या आकड्यावर, अर्धा लहानावर. मी वाट बघितली. बाबा, मी मनात कुठलाच आकडा धरू शकले नाही. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला फक्त आपला ओटा दिसत होता. फासा कलंडेना. बोट लावलं तर तो ओला. टेबलावर पाणी नव्हतं. आणि ओल्या नारळाच्या शेंडीचा वास आला, इतका जवळून की मी मागे वळून बघितलं.

मग मी आडोसा उचलून बाजूला ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता. सगळ्यांनी तो तिरका फासा बघितला. मुलीने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, मग एक बोट पुढे करून त्याला मोठ्या आकड्यावर पाडलं. “हो म्हणतोय,” ती म्हणाली आणि डोळे पुसले. चहा पिऊन घरी गेली.

तू हात झटकले नव्हतेस. तुला ठरवता येत नव्हतं. एवढं कळायला मला माझाच फासा अडकावा लागला.

हे कुठे पाठवू, म्हणून पाठवत नाही. बुधवार अजून यायचा आहे. सगळे गेल्यावर मी तो आडोसा परत उभा केला, फासा मुठीत धरला आणि त्या मुलीच्या आईसाठी तुझं गाऱ्हाणं घातलं, आठवलं तेवढं. संपल्यावर मागून कोणीतरी ‘व्हय म्हाराजा’ म्हणालं. घरात मी एकटी होते. आवाज बाईचा होता, तेव्हा माझाच असणार. मी वळून बघितलं नाही. फक्त उठले आणि दोन कप चहा ठेवला.