यांच्या घड्याळात एक तास एकोणतीस

३ एप्रिल, रविवार

बोलून बसले. आता मागे फिरणं नाही.

आज सासूबाईंचा पंच्याऐंशीवा वाढदिवस. घरात पंचवीस माणसं, सतरंज्या शेजारून आणाव्या लागल्या. जेवणं उरकली आणि नणंदेने विषय काढलाच — दादा, डोळ्यांचं काय ठरवलंस? डॉक्टरीणबाईंनी फेब्रुवारीतच सांगितलंय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पार पिकत आलाय, हा उन्हाळा संपायच्या आत करून घ्या, फार लांबवाल तर अवघड जाईल. हे म्हणाले, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, हल्ली घड्याळंच भिकार येतात. चाळीस वर्षं घड्याळदुरुस्ती केलेला माणूस! गेल्या महिन्यात तीन गिऱ्हाइकं परत आली. एकाच्या घड्याळात तासकाटा सैल, दुसऱ्याच्या काचेत आतून बोटाचा ठसा. हे सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी बोललं नाही. मीही नाही. यांच्या मामांचा डोळा अशाच ऑपरेशनात गेला होता. तेव्हा हे नऊ वर्षांचे होते. भीती तिथली आहे, पण तोंडाने कधी म्हणायचे नाहीत.

वातावरण निवळावं म्हणून धाकटीने (माझी जाऊ, शाळेत खेळ शिकवते) शर्यतीचं काढलं. जूनमध्ये दहा किलोमीटरची आहे, बायकांसाठी वेगळा गट, दीड तासाची मुदत. "जाऊबाई, तुम्ही या की पळायला." सगळे हसले. यांना तर विषय बदलायला निमित्तच हवं होतं. मोठ्याने म्हणाले, "ही दहा किलोमीटर पळू दे, दीड तासात, दुसऱ्या दिवशी मी ऑपरेशनची तारीख घेऊन येतो!"

आणखी हशा. माझ्या हातात उष्ट्या ताटांची चळत. म्हटलं, "आईंच्या समोर म्हणताय. लक्षात ठेवा."

सासूबाईंना सोयीचं तेवढं नीट ऐकू येतं. त्या लोडावरून म्हणाल्या, "मी ऐकलंय. मी साक्षीदार."



दीड तासच का, ते धाकटीने नंतर सांगितलं. त्यानंतर रस्ता गाड्यांना मोकळा करतात आणि शेवटची कमान उतरवतात.

मी चोपन्न वर्षांची. शेवटची पळाले ती मॅट्रिकच्या परीक्षेच्या दिवशी, बस सुटत होती म्हणून. बस मिळाली होती.

४ एप्रिल

पहाटे मैदानावर. दोन फेऱ्या पळाले, तीन चालले. धाप लागली, पण मेले नाही.

लेकाचे जुने बूट वापरते आहे, पुढे कापूस कोंबून. तळ अजून शाबूत आहेत, टाकून कशाला द्यायचे. विजारही त्याचीच. सासूबाई म्हणाल्या, मागून अगदी नातू दिसतेस.

६ एप्रिल

फेऱ्या मोजण्याची युक्ती सापडली. बटणांच्या डब्यातली पंचवीस बटणं उजव्या खिशात. दर फेरीला एक डाव्या खिशात टाकायचं. मैदानाची एक फेरी चारशे मीटर, म्हणजे पंचवीस बटणं सरली की दहा किलोमीटर. पाय टाकताना नाम घ्यायचं, एका पावलाला एक. देवाचंही होतं आणि श्वासही लागत नाही.

१० एप्रिल, रविवार

आज हे आपणहून मैदानावर आले. म्हणाले, वेळ कोण बघणार? मागून वाद नको. दुकानातलं स्टॉपवॉच आणलं होतं — स्टीलचं, जाड काचेचं, वर मोठी कळ. त्याला चावी दिली, कानाला लावलं, मग कळ दाबली. कुठलंही घड्याळ हातात आलं की आधी कान, मग डोळा, ही यांची रीत. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मनगटावर वडिलांनी दिलेलं घड्याळ होतं. यांनी ते काढायला सांगितलं नाही, माझा हातच मनगटासकट कानाला लावला. म्हणाले, दिवसाला चार मिनिटं मागे पडत असेल. बरोबर चारच पडत होतं!

आज पंचवीस बटणं पहिल्यांदा सरली, बरीचशी चालत. यांनी बाकावरून ओरडून सांगितलं — एक तास बावन्न.

वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखले. तारीख, फेऱ्या, वेळ. घरखर्च पुढून, पळणं मागून.

२४ एप्रिल

एक तास चव्वेचाळीस! दोन आठवड्यांत आठ मिनिटं कमी. त्रैराशिक मांडलं, मेच्या मध्यावर दीड तासाच्या आत असेन. हे म्हणाले, तुझा पाय हलका आहे, मला माहीतच नव्हतं. पस्तीस वर्षांत!

२ मे

धरणावर सहल. दीर, धाकटी, सासूबाई, आम्ही दोघं, सगळे एका गाडीत कोंबून. मी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा पळून आले. पिशव्या घेऊन फिरायला आलेली माणसं थांबून बघत होती. बघू देत.

हे कठड्याला टेकून म्हणाले, पाणी काय सुरेख चमकतंय. त्यांचं तोंड गाड्या उभ्या होत्या त्या बाजूला होतं. गाड्यांच्या टपांवर ऊन पडलं होतं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.  परतताना त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "जरा जोरात पळ, सूनबाई."

८ मे

एक तास अडतीस. गुडघा किंचित कुरकुरला, त्याला म्हटलं, तुझं नंतर बघू.

१५ मे, रविवार

एक तास चौतीस. देवापुढे जरा जास्तच वेळ बसले. काही मागितलं नाही, नुसती बातमी दिली.

१८ मे

नणंदेकडे दोन दिवस आलो आहोत, धाकटीही बरोबर. इथे गावाबाहेर नवा सरळ रस्ता झालाय, किलोमीटरचे दगड लावलेला. धाकटी म्हणाली, चला, खऱ्या रस्त्यावर पळून बघा. वेळ तिने मोबाईलवर लावली.

एक तास सत्तेचाळीस.

म्हटलं, चढ होता. धाकटी म्हणाली, जाऊबाई, रस्ता ताटासारखा सपाट आहे. मग म्हटलं, प्रवासाचा शीण. नणंद दारातूनच — "वहिनी, तुझ्यापेक्षा आमचा पोस्टमन लवकर येतो." तो सायकलवर येतो, मी सांगितलं.

पण तेरा मिनिटं म्हणजे शीण नव्हे. एवढा हिशेब मला येतो.

२२ मे, रविवार

आज कळलं.

विसावी फेरी नुकतीच संपली होती. हे नळावर पाणी प्यायला गेले. स्टॉपवॉच बाकावर, रुमालावर ठेवलेलं. मी थांबले आणि उचललं. काटा सातावर. हलत नव्हता. मिनिटांचा छोटा काटा शून्यावर. कळ दाबली, काही नाही. चावी फिरवून पाहिली, नुसती गरगर फिरते, ताण घेतच नाही. आत काहीतरी तुटलंय.

होतं तसं ठेवून दिलं आणि पळत राहिले. पाच बटणं उरली होती.

शेवटच्या फेरीला हे उठून उभे राहिले, घड्याळ डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं, आणि ओरडले, "एक तास एकतीस! शाबास!"

मी वाकून बूट बांधत बसले. बांधलेलेच होते.

म्हणजे काटा फिरतोय की नाही एवढंही दिसत नाही. अंदाजाने सांगतात. रोज थोडं कमी करून. आणि मी ते इथे सुवाच्य अक्षरात उतरवते आहे.

२३ मे

रात्रभर विचार केला. सांगावं का? हाच तर पुरावा — बघा, बंद घड्याळ तुम्हाला कळलं नाही, आता तरी चला. पण घड्याळजीला हे त्याच्या बायकोने सांगायचं? माझ्याच्याने व्हायचं नाही. मामांच्या डोळ्यापेक्षा ते मोठं होऊन बसेल.

आणि पैज लावली ती पळण्याची. पळूनच जिंकायची. वीस दिवस आहेत.

न सांगणं खोटं बोलण्यात धरत असतील, तर देवा, ते माझ्या नावावर मांड.

धाकटीला तेवढं सांगितलं. ती उद्यापासून झाडांमागे मोबाईल घेऊन उभी राहणार.

२४ मे

खरी वेळ — एक तास चव्वेचाळीस. यांची — एक तास एकतीस. पानावर आता दोन रकाने.

धाकटीने शाळेतल्या पोरांचा धडा मला दिला. एक फेरी जीव तोडून, एक सावकाश, पुन्हा एक जीव तोडून. मध्ये बसायचं नाही. ती कमरेवर हात ठेवून म्हणते, "तोंड बंद, हात खाली, पुढे बघा." घरी मला विचारल्याशिवाय चहात साखर घालत नाही, मैदानावर सासू होते.

३० मे

खरी एकेचाळीस. यांची तीस.

४ जून

खरी एक तास सदतीस! यांची आज साडेएकोणतीस. यांना मिनिटाचा अर्धा भागही दिसतो म्हणे.

हे पुढे आहेत आणि मी यांना गाठायला धावते आहे असं झालंय. गाठणार. पाय आता माझं ऐकतात. जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन चढते, पाण्याच्या बादल्या उचलते ते कळतही नाही. सासूबाई म्हणतात, ही उलटी वाढायला लागली.

८ जून

खरी एक तास चौतीस. धाकटी म्हणाली, आता मोठं पळणं नको, पाय राखा. शर्यतीच्या दिवशी माणूस तीन-चार मिनिटं जास्तीची काढतोच.

काढीन.

११ जून

बूट धुऊन वाळवले. कापूस नवा घातला. छातीवर लावायचा नंबर आला, कागदी आहे, चार टाचण्या. पैसे धाकटीने परस्पर भरले, मला सांगितलं असतं तर नको म्हटलं असतं म्हणून.

बटणं उद्या लागायची नाहीत. तरी खिशात ठेवणार.

१२ जून, रविवार

शांतपणे, झालं तसं लिहिते.

पहिले पाच किलोमीटर पन्नास मिनिटांच्या आतच, धाकटी सायकलवरून ओरडून सांगत होती. सहाव्याला पोटात कळ आली, सातव्याला गेली. आठव्याला नामही विसरले, नुसतं धावत होते. शेवटच्या वळणावर दिसलं, दोन माणसं शिडी लावून कमान सोडवायला लागलेली. धाकटी सायकल टाकून पुढे गेली आणि कमानीचा खांब धरून उभी राहिली. "माझी जाऊ येतेय, मग काय ते काढा." ती खेळाची बाई, तिच्यापुढे कोण बोलणार.

कमान उभी होती. मी तिच्याखालून गेले. मान वर करून कमानीवरच्या वेळेच्या पाटीवरचे आकडे पाहिले.

एक तास बत्तीस मिनिटं, दहा सेकंद.

सगळे पलीकडे उभे होते — दीर, नणंद, खुर्चीत सासूबाई. सगळ्यांनी पाटी वाचली होती. कुणी टाळी वाजवली नाही. नणंदेने आधी माझ्या खांद्यावर ओला टॉवेल टाकला, मग तोंड फिरवलं.

हे पुढे आले. हातात स्टॉपवॉच. डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, जवळ आणलं.

"एक तास एकोणतीस," हे म्हणाले.

क्षणभर वाटलं, गप्प बसावं. सगळे गप्पच होते. पण देवाला खरी बातमी द्यायची आणि यांना खोटी, असं कसं चालेल? म्हटलं, "बत्तीस झाली. पाटीवर आहे. तुम्ही हरला नाहीत."

"कुठली पाटी?" म्हणाले. "चाळीस वर्षं या गावाने माझ्या घड्याळावर गाड्या पकडल्या. माझ्या घड्याळात एकोणतीस आहे. उद्या तारीख घेऊन येतो."

सासूबाई म्हणाल्या, "मी साक्षीदार. एकोणतीसच."

यांचा हट्ट आजवर माझ्याच वाट्याला आला. आज पहिल्यांदा कामाला आला. न दिसणाऱ्या डोळ्यांचे उपकार मानायचे की कसं, देव जाणे.

१३ जून

गेले. एकटे गेले. शुक्रवारची तारीख घेऊन आले.

१७ जून

उजवा डोळा झाला. आत नेताना यांनी हात पुढे केला, मी बटणं त्यात दिली. पंचवीसच्या पंचवीस. बाहेर आले तेव्हा मूठ तशीच मिटलेली होती, परिचारिका म्हणाली, काही केल्या सोडेनात.

१८ जून

सकाळी पट्टी निघाली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, केस बरेच पांढरे झाले की.

घरी आल्यावर स्टॉपवॉच काढून बसले. डॉक्टरीणबाईंनी अजून भिंग लावायचं नाही म्हणून बजावलंय, नुसतंच हातात फिरवत होते. आता बोलून टाकावं म्हणून म्हटलं, "ते मे महिन्यापासून बंद आहे. मला माहीत होतं. तुम्हाला दिसत नव्हतं, म्हणून बोलले नाही."

मान वर केली नाही. घड्याळ कानाला लावलं.

"एप्रिलपासून," म्हणाले. "मैदानावरच्या दुसऱ्याच रविवारी स्प्रिंग तुटली. घड्याळ बंद पडलं हे कळायला मला डोळे कधीपासून लागायला लागले?"

"मग तो आकडा?"

"हरायचं होतं मला," म्हणाले. "एकट्याने जमत नव्हतं."